फोटोलाही माया ठेवा

मी तुमची सहयोगिनी ताई बोलतेय. नेहमी मी बचत, हप्ते, व्याज, लोणची-पापडाचा हिशेब असं काहीबाही सांगत असते. आज फोटोंविषयी बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करणार आहे.

२०११ साली आमच्या भागात एक गट सुरू झाला. पहिल्या बैठकीला तेरा जणी होत्या. बैठक झाल्यावर शाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढला. कॅमेरा माझ्या भावाकडून मागून आणलेला. तीन वर्षांनी जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी गटाचा बॅनर करायचा होता. बॅनरवर फोटोची जागा आखूड आणि फोटो लांब. डाव्या कडेला एक मावशी जरा बाजूला, पदर सावरत उभ्या होत्या. मी संगणकावर फोटो उघडला, डावी कड कापली, थोडा उजेड वाढवला आणि 'सेव्ह' दाबलं. कॅमेऱ्यातलं कार्ड तर केव्हाच पुसून पुन्हा वापरलं होतं.

पुढं काही वर्षांनी त्या मावशी वारल्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडं आली. म्हणाली, "ताई, आईचा एक धड फोटो नाही घरात. गट सुरू झाला त्या दिवशीचा तुमच्याकडं असंल ना? मोठा करून भिंतीवर लावायचाय." मी फोटो उघडला. कडेला मावशींचा कोपर आणि हिरव्या बांगड्या तेवढ्या राहिल्या होत्या. पोरीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही आईचीच बांगडी." पुढं ती काही बोलली नाही आणि मलाही बोलवेना.

मी तो फोटो घेऊन तालुक्याच्या फोटो स्टुडिओत गेले. म्हटलं, बघा काही करता येतं का. तिथल्या दादांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, मूळ कुठाय?"

मूळ नव्हतंच. मीच ते पुसलं होतं. शेवटी मावशींचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लागला. त्यात त्या मावशींसारख्या दिसत नाहीत.

त्या दिवसापासून 'मूळ कुठाय' हा प्रश्न माझ्या मागं लागला. मग मी वाचत गेले, विचारत गेले. तेव्हा कळलं, की फोटोचा शोध लागला तेव्हापासून माणसं याच प्रश्नाशी झगडत आलीत. फोटो सुधारायचा, पण मूळ बिघडू द्यायचं नाही, अशा कामाला संगणकाच्या भाषेत 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह एडिटिंग' म्हणतात. नाव मोठं आहे, पण गोष्ट आपल्या घरातली आहे. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना लगेच कळेल. ब्लाउज अंगाला घट्ट करायचा असला तर शहाणी बाई कापड कापून टाकत नाही. आत माया ठेवते आणि टीप घालते. उद्या अंग भरलं की टीप उसवायची, ब्लाउज पुन्हा मोठा. कापड होतं तेवढंच राहतं. फोटोला अशी माया कशी ठेवायची हे शिकायला माणसाला दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला. त्याचीच ही गोष्ट.

फ्रान्समध्ये १८३९ साली लुई दागेर यांची फोटो काढण्याची रीत जगापुढं आली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर द्यायचा आणि त्यावर चित्र उमटवायचं. चित्र फार सुरेख यायचं, पण एका पत्र्यावर एकच. त्याच्या प्रती निघत नसत. पत्रा घासला गेला की चित्रही गेलं.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट दुसऱ्या वाटेनं चालले होते. १८३५ साली त्यांनी आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचं कागदावर एक इवलंसं चित्र मिळवलं. ते उलटं होतं, म्हणजे उजेडाच्या जागी काळं आणि सावलीच्या जागी पांढरं. यालाच आपण निगेटिव्ह म्हणतो. १८४१ साली त्यांनी आपल्या सुधारलेल्या रीतीचं पेटंट घेतलं. निगेटिव्हमुळं मोठा फरक पडला. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती छापता येऊ लागल्या. एक प्रत फिकी छापा, एक गडद छापा, एकीत नुसता चेहरा घ्या, निगेटिव्ह आपलं पाकिटात सुखरूप. मूळ वेगळं आणि प्रत वेगळी, ही सोय तिथून सुरू झाली.

आपल्याकडंही ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटो काढायला शिकवणारा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळच्या मुंबईतल्या फोटोग्राफरांची नावं. म्हणजे आपल्या माणसांनी हा हुन्नर पहिल्या वीस वर्षांतच हाती घेतला.

फोटो आला तशी त्याची दुरुस्तीही आली. तिच्या दोन तऱ्हा होत्या. पहिली म्हणजे छापलेल्या प्रतीवर रंग भरायचा. भारतातले चितारी यात फार तरबेज. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ते पागोटं लाल करत, शालूला जर लावत, गळ्यात मोत्यांचा सर घालत. यात निगेटिव्हला धक्का लागत नसे. रंग बिघडला तर दुसरी प्रत छापता यायची.

दुसरी तऱ्हा निगेटिव्हवरच हात चालवायची. स्टुडिओवाले याला 'टचिंग' म्हणत. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर फिकट, पारदर्शक रेघ होऊन दिसते. त्या रेघेवर बारीक पेन्सिल फिरवली की छापल्यावर सुरकुती उजळून जाते. नको तो भाग धारदार पात्यानं खरवडायचाही रिवाज होता. पेन्सिल एक वेळ पुसता येईल, पण खरवडलेलं परत येत नाही. इथं कात्री थेट कापडावरच चालली.

मूळ राहण्याचं मोल किती, याचा एक दाखला रशियाच्या इतिहासात आहे. स्टालिनच्या राज्यात निकोलाय येझोव्ह हा गुप्त पोलिसांचा प्रमुख होता. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठानं तो स्टालिनच्या बरोबर चाललेला असा एक फोटो आहे. पुढं येझोव्हवर मर्जी खप्पा झाली आणि १९४० साली त्याला गोळी घातली. मग तो फोटो पुन्हा निघाला तेव्हा येझोव्ह गायब! त्याच्या जागी कालव्याचं पाणी रंगवलेलं. आज हे आपल्याला का कळतं? आधीचा फोटोही कुठंतरी शिल्लक राहिला म्हणून. दोन्ही शेजारी ठेवले की खोटं उघडं पडतं. मूळ फोटो सगळीकडून नाहीसा झाला असता, तर त्या काठावर दुसरा माणूस होता हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

आता संगणकाकडं येऊ. अमेरिकेत १९५७ साली रसेल किर्श नावाच्या शास्त्रज्ञानं आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा छोटा फोटो यंत्रातून संगणकात घातला. संगणकाला चित्र दिसत नाही, आकडे कळतात. म्हणून फोटोच्या बारीक चौकटी पाडल्या, आडव्या १७६ आणि उभ्या १७६. कापडावर दोसुतीचं भरतकाम करताना आपण घरं मोजतो ना, तसंच. या घरांना पिक्सेल म्हणतात. फोटो म्हणजे आता आकड्यांची यादी झाली. पुढं १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर. एक काळा-पांढरा फोटो गाण्याच्या कॅसेटसारख्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे.

आकड्यांचा एक गुण आहे आणि एक दोषही आहे. गुण हा, की आकड्यांची नक्कल अगदी मुळासारखी होते, तिच्यात तसूभर फरक नसतो. दोष हा, की आकडे बदलले तर माग राहत नाही. कागदावर खरवडलं तर ओरखडा दिसतो, इथं काहीच दिसत नाही. १९८२ साली 'नॅशनल जिऑग्राफिक' या नावाजलेल्या मासिकानं इजिप्तच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवायला संगणकावर दोन पिरॅमिड जवळ सरकवले. त्यावरून बरीच टीका झाली. मी हे वाचलं तेव्हा मला माझा बॅनर आठवला. त्यांची अडचण माझ्यासारखीच होती, जागेत फोटो मावत नव्हता.

१९८७ साली टॉमस नोल आणि जॉन नोल या अमेरिकेतल्या भावांनी फोटोवर काम करायचा प्रोग्राम लिहायला घेतला. तो कसा चालतो हे लोकांना दाखवायला जॉन एकच फोटो पुन्हा पुन्हा वापरत असे. समुद्रकिनारी पाठमोरी बसलेली त्याची होणारी बायको जेनिफर. फोटोतलं काहीही उचलून नक्कल करता येतं, हे बघून लोक थक्क व्हायचे. हाच प्रोग्राम १९९० साली 'फोटोशॉप' म्हणून बाजारात आला. आज तालुक्याच्या प्रत्येक फ्लेक्सवाल्याच्या तोंडी हे नाव आहे.

पण तो पहिला फोटोशॉप माया ठेवणारा नव्हता. केलेलं काम एकच पाऊल मागं घेता यायचं. एका फोटोवर दुसरं चित्र चिकटवलं की ते त्यातच मुरून जायचं, परत सुटं करता येत नसे. हळूहळू सुधारणा झाल्या. १९९४ साली 'लेयर' म्हणजे थर आले. भरतकामाच्या नक्षीवर आपण बटर पेपर ठेवतो, तसे फोटोवर पारदर्शक थर ठेवायचे आणि काम थरावर करायचं. पटलं नाही तर थर काढून टाकायचा, खालचा फोटो जसाच्या तसा. १९९६ साली त्याच्याही पुढची पायरी आली. थरावर चित्र नसून नुसती सूचना असायची, 'उजेड एवढा वाढव', 'लाल रंग एवढा कमी कर'. सूचना कधीही बदला. १९९८ साली अनेक पावलं मागं जायची सोय झाली. एक पाऊल मागं येण्यापासून इथवर पोचायला आठ वर्षं लागली.

याच काळात दुसरी एक अडचण वाढत होती. फोटोचा आकार लहान करायला १९९२ साली 'जेपेग' ही पद्धत ठरली. आपल्या मोबाईलमधले बहुतेक फोटो याच प्रकारचे. जागा वाचवायला जेपेग थोडा बारकावा टाकून देतं. तोच फोटो उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केला की पुन्हा थोडा बारकावा जातो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर जसं फुटत जातं, तसं होतं.

खरी माया आली ती या शतकात. कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढं सगळं कच्च्या रूपात साठवणाऱ्या फाइलला 'रॉ' म्हणतात. हे पीठ समजा, आणि जेपेग म्हणजे भाजलेली भाकरी. भाकरीचं परत पीठ होत नाही. या रॉ फाइलींवर काम करायची सोय २००३ साली फोटोशॉपमध्ये आली. २००५ साली ॲपल कंपनीनं 'ॲपर्चर' आणि २००७ साली अडोबी कंपनीनं 'लाइटरूम' हे प्रोग्राम काढले. त्यांची रीत अशी, की मूळ फोटोला हातच लावायचा नाही. काय बदल करायचे त्याची नुसती यादी लिहून ठेवायची. फोटो उघडला की प्रोग्राम मूळ घेतो, यादी वाचतो आणि बदललेलं रूप दाखवतो.

मला हे वाचताना आपली फेरफार नोंदवही आठवली. सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागतं तेव्हा गेलेल्या माणसाचं नाव कुणी खरवडून काढत नाही. त्या नावाला कंस होतो आणि फेरफार क्रमांक पडतो. तो क्रमांक घेऊन नोंदवही बघितली की बदल कधी झाला आणि कशामुळं, हे कळतं. आपल्यातल्या कितीतरी जणींची नावं जमिनीला लागली, त्याचा पुरावा त्या वहीत आहे. फोटोच्या बदलांची यादी म्हणजे अशीच फेरफाराची वही. फक्त एक ध्यानात ठेवा. मूळ फोटोच पुसला तर ती यादी कामाची नाही. वही असून जमीन नसल्यासारखं होतं.

हे सगळं महागड्या प्रोग्रामांतच होतं असंही नाही. गुगलनं २००४ साली 'पिकासा' नावाचा प्रोग्राम विकत घेतला आणि फुकट वाटला. आपल्याकडं कितीतरी संगणकांवर तो होता. पिकासा बदलांची नोंद एका छोट्या लपलेल्या फाइलीत ठेवायचा, आणि सेव्ह केलं तरी मूळ फोटो एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवायचा. २०१६ साली गुगलनं तो बंद केला. मैत्रिणींनो, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. २०१४ साली मी त्या बॅनरचा फोटो पिकासात कापला असता, तर मावशी त्या फोल्डरमध्ये उभ्या राहिल्या असत्या.

अमेरिकेत स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ साली 'गिम्प' हा प्रोग्राम लिहायला घेतला. तो कुणालाही फुकट वापरता येतो, आणि जगभरचे लोक तो मिळून सुधारतात. आपल्या ग्रामसंघासारखंच काम म्हणा. २००९ साली सुरू झालेला 'डार्कटेबल'ही फुकटच आणि तो बदलांची यादी वेगळी ठेवतो. गिम्पमध्ये उजेड, रंग, धूसरपणा यांचे बदल केल्यावरही ते मागाहून उलटवता येण्याची सोय मार्च २०२५ मध्ये आली. तीस वर्षं लागली, पण आली. मोबाईलवर म्हणाल तर 'स्नॅपसीड' २०११ साली निघालं आणि पुढच्याच वर्षी गुगलकडं गेलं. त्यात केलेल्या बदलांची यादी दिसते, त्यातलं हवं ते पाऊल बदलता येतं. 'गुगल फोटोज' मध्ये बदललेला फोटो पुन्हा मूळ रूपात आणता येतो.

इतका इतिहास ऐकल्यावर तुम्ही विचाराल, ताई, आम्ही करायचं काय? आमच्या गटांनी ठरवलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, फोटोला हात लावायच्या आधी त्याची प्रत करायची. कापाकापी, उजेड, नाव टाकणं, सगळं प्रतीवर. ॲपमध्ये 'सेव्ह' आणि 'सेव्ह कॉपी' असे दोन पर्याय दिसले तर 'सेव्ह कॉपी'.

दुसरी, 'मूळ' नावाचं फोल्डर करायचं. त्यातला फोटो कुणी बदलायचा नाही. हे फोल्डर दोन ठिकाणी ठेवायचं, एक मोबाईलमध्ये आणि एक पेन ड्राइव्हवर. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो.

तिसरी, व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो. समोरच्याला मूळ हवं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे मूळ, असं समजून स्वतःकडचं पुसायचं नाही.

चौथी गोष्ट खरेपणाची. हळदीचा फोटो जरा उजळ करायला हरकत नाही, पण पाकीट फोडल्यावर गिऱ्हाइकाला तोच रंग दिसला पाहिजे. मूळ शेजारी ठेवून बघायचं. तसंच शेततळं, शौचालय, गोठा अशा कामांचे आधीचे आणि नंतरचे फोटो. ते पुरावा असतात. उद्या कुणी शंका काढली तर न कापलेलं मूळ दाखवता आलं पाहिजे.

आणखी एक आम्ही सुरू केलंय. वर्षातून एकदा प्रत्येक बाईचा एकटीचा एक चांगला फोटो काढायचा. लग्नात आपण पंगतीत वाढत असतो, बारशाला चुलीपाशी असतो, म्हणून फोटोत आपण कडेलाच येतो. आणि कापायची वेळ आली की आधी कड कापली जाते. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगते.

मावशींची मुलगी आता त्याच गटात आहे. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला सगळ्यांचा फोटो काढला, तेव्हा ती अशीच कडेला उभी होती, आईसारखाच पदर सावरत. पत्रकासाठी फोटो कापावा लागला, तो मी प्रतीवर कापला. मग तिला बोलावून 'मूळ' फोल्डर उघडून दाखवलं. तिनं फोटोत स्वतःला शोधलं आणि म्हणाली, "ताई, ह्यो असाच राहू द्या."

तो तसाच आहे. तुमच्या मोबाईलमध्येही आज 'मूळ' नावाचं एक फोल्डर करा. मोबाईल हाती नसेल तर लेकीला, सुनेला सांगून करून घ्या. पुढच्या बैठकीत मी विचारणार आहे, मूळ कुठाय? येते तर. नमस्कार.